कोटणीसांना खरंच प्लेग झाला होता का? आणि युद्धाच्या सिनेमांवरचे तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की युद्धावरचा एखादा सिनेमा किंवा पुस्तक डोक्यात राहिलं असेल आणि त्यातलं खरं किती असा प्रश्न पडला असेल तर कळवा. इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळ्यांना या अंकात उत्तर देणं जमणार नाही, पण जवळपास निम्मे प्रश्न एकाच माणसाबद्दल होते, आपल्याच गावच्या, त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न : ताई, माझी आजी सांगते की डॉ. कोटणीसांनी प्लेगचं औषध शोधायला स्वतःलाच प्लेग लावून घेतला आणि त्यातच ते गेले, तिने लहानपणी सिनेमात बघितलंय. आमचे सर म्हणतात की ते फिट येऊन गेले. दोघांपैकी खरं कोण? (इयत्ता नववी, सोलापूर)

बाळा, सर बरोबर आहेत आणि आजी पण खोटं बोलत नाहीये, तिने जे बघितलं तेच ती सांगतेय. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा सिनेमा १९४६ साली आला, व्ही. शांताराम यांनी काढला आणि कोटणीसांचं काम पण त्यांनी स्वतःच केलं. त्यात प्लेगची साथ आहे, औषधासाठी स्वतःच्या जिवावर उदार होणं आहे, जपान्यांच्या तावडीत सापडून सुटका करून घेणं पण आहे, आणि ते सगळं बघताना अंगावर काटा येतो. मी पहिल्यांदा दूरदर्शनवर बघितला तेव्हा मला पण पुढची कित्येक वर्षं प्लेगचंच खरं वाटत होतं.

आता खरं काय झालं ते सांगते. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईला डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला, तिथल्या सैन्याकडे डॉक्टर नाहीत औषधं नाहीत अशी अवस्था होती, म्हणून सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. त्या वेळी सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी देशाला आवाहन केलं, लोकांनी पैसे गोळा केले आणि पाच डॉक्टरांची टीम निघाली. अलाहाबादचे डॉ. अटल टीमचे प्रमुख, ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात पण काम करून आले होते, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपल्या सोलापूरचे कोटणीस, वय २८ सुद्धा पूर्ण नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले. स्वतःचा देश गुलामगिरीत असताना दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी वर्गणी काढणारी ती माणसं होती, हे मला सिनेमातल्या कुठल्याही सीनपेक्षा मोठं वाटतं.

कोटणीस तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी आली. परत यायला कोणी अडवलं नसतं पण ते थांबले. पुढे १९३९ मध्ये येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यावर पोचले, तिथून डोंगराळ भागात त्यांच्याच फौजेबरोबर, आठव्या मार्ग सेनेबरोबर गेले. चिनी भाषा बोलायला शिकले, लिहायला शिकले, मग त्याच भाषेत तिथल्या पोरांना सर्जरी शिकवायला लागले. १९४० च्या एका लढाईत ते ७२ तास न झोपता सलग ऑपरेशन करत होते असं नोंदलेलं आहे. नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे सर्जन तिथेच काम करताना नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तात विष पसरून वारले होते, त्यांच्या नावाचं जे हॉस्पिटल होतं त्याचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांना नेमलं. हॉस्पिटल म्हटलं म्हणून आपल्या सिव्हिलसारखी बिल्डिंग डोळ्यासमोर आणू नकोस, शत्रू आला की पेशंटसकट दुसरीकडे हलायचं असा तो कारभार होता.

त्यांना एपिलेप्सीचे, म्हणजे फिटचे झटके यायचे. काम कमी करा असं सगळे सांगायचे, ते काही त्यांनी ऐकलं नाही. ९ डिसेंबर १९४२ ला एकामागून एक झटके येऊन ते गेले. वय ३२.

मग शांतारामबापूंनी प्लेग का घातला? मला जे वाटतं ते सांगते. रोजची उपासमार, थंडी, झोप नाही, औषध नाही आणि त्यातून हळूहळू खचत गेलेलं शरीर, हे पडद्यावर दाखवायला फार अवघड असतं ओ. त्याला एक शत्रू लागतो, एक प्रयोग लागतो, एक क्षण लागतो. प्लेगने तो क्षण दिला आणि आपल्याकडे प्लेग काय असतो हे त्या काळी घराघरात माहीत होतं, लोकांना समजावून सांगावं लागलं नाही. सिनेमा म्हणून हे मी समजू शकते. पण माझ्यासाठी खरी गोष्ट जास्त मोठी आहे, कारण स्वतःला झटके येतात हे माहीत असून रोज सकाळी उठून परत ऑपरेशनला उभं राहणारा माणूस तिच्यात आहे आणि तो सिनेमात तेवढा दिसत नाही. आजीला हे सांग, आणि भैय्या चौकात कोटणीसांच्या घराचं स्मारक झालंय तिथे तिला घेऊन जा.

प्रश्न : त्या सिनेमातली चिनी नर्स खरी होती का? आणि पुढे तिचं आणि बाळाचं काय झालं? सिनेमा संपल्यावर हे कोणी सांगतच नाही. (होटगी रोड, सोलापूर)

खरी होती. सिनेमात जयश्रीबाईंनी ते काम केलंय, नाव चिंग लान ठेवलंय. खरं नाव ग्वो चिंगलान, बेथ्यून हॉस्पिटलमध्ये त्या नर्सिंगचं शिकवायच्या. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघांची भेट झाली आणि १९४१ च्या अखेरीला लग्न. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाळ साडेतीन महिन्यांचं असताना बाप गेला.

सिनेमाचा शेवट आठवतोय का तुम्हाला? मरणाच्या दारात असलेले कोटणीस बायकोला सोलापूरला आपल्या घरी कसं जायचं ते सांगत राहतात आणि पडद्यावर ती बाळाला घेऊन इथे येताना दिसते. मी कितीदाही बघितलं तरी तिथे मला रडू येतं, आणि आपण सोलापूरचे म्हणून जरा जास्तच येतं. प्रत्यक्षात ग्वो चिंगलान तेव्हा चीनमध्येच राहिल्या. पण नंतरच्या आयुष्यात त्या भारतात बऱ्याच वेळा येऊन गेल्या, कोटणीसांच्या घरच्यांना भेटल्या, दोन्ही घरांचं नातं त्यांनी शेवटपर्यंत जपलं. २०१२ मध्ये त्या वारल्या, नव्वदी केव्हाच ओलांडली होती.

आणि यिनहुआ. तो पण वडिलांसारखा डॉक्टर व्हायला निघाला होता, मेडिकलला शिकत होता, आणि १९६७ मध्ये पंचविशीच्या आतच गेला. त्या माउलीने नवरा गमावला आणि मुलगा पण. हे कुठल्याच सिनेमात नाही. मला हे कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात नुसती बसून होते.

चीनमध्ये पण कोटणीसांवर १९८२ मध्ये सिनेमा निघालाय, तिकडे त्यांचं नाव खे तिहुआ. त्याच वर्षी त्यांनी कोटणीसांची टपाल तिकिटं पण काढली. आपल्या पोस्टाने १९९३ मध्ये काढलं. शिच्याच्वांग नावाच्या शहरात त्यांची समाधी आणि पुतळा आहे.

प्रश्न : सिनेमाच्या आधी पुस्तक आलं होतं म्हणतात, ते कुठलं? (पंढरपूर)

ख्वाजा अहमद अब्बास यांचं 'अँड वन डिड नॉट कम बॅक', १९४४. पाच गेले आणि चार परत आले, एक आला नाही, म्हणून तसं नाव. सिनेमाचं लेखन पण अब्बास आणि व्ही. पी. साठे यांचं, संगीत वसंत देसाईंचं. एक लक्षात घ्या, कोटणीस गेले १९४२ च्या शेवटी, पुस्तक १९४४, सिनेमा १९४६, म्हणजे सगळं चार वर्षांच्या आत. महायुद्धात कच्ची फिल्म मिळायची मारामार होती, सरकारच्या परवानगीशिवाय मिळत नव्हती, सिनेमाच्या लांबीवर पण ११,००० फुटांची मर्यादा घातलेली होती. इंग्रजांचं राज्य असताना, काँग्रेसने पाठवलेल्या डॉक्टरवर सिनेमा. जपान शत्रू होता म्हणून तो विषय इंग्रजांना चालून गेला आणि सुभाषबाबूंनी आवाहन करून पाठवलेल्या माणसाची गोष्ट थिएटरात लागली. माझ्या मते हे पुस्तक आणि हा सिनेमा नसता तर आज सोलापुरात सुद्धा कोटणीस हे नाव मोजक्याच घरांना माहीत असतं, म्हणून प्लेगबद्दल कितीही तक्रार असली तरी मी शांतारामबापूंची आणि अब्बास साहेबांची ऋणी आहे.

प्रश्न : मॅडम, 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' मी आत्तापर्यंत सहा-सात वेळा बघितलाय, शिट्टीची धून तर माझ्या मोबाईलची रिंगटोन आहे. तो पूल खरंच होता का? आणि ब्रिटिश कर्नल खरंच शत्रूला एवढी मदत करेल का? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांच्यासाठी, त्यात जपान्यांच्या कैदेतले ब्रिटिश सैनिक जपान्यांसाठी रेल्वेचा पूल बांधतात. पूल होता, अजून आहे. पण त्याच्याबद्दलचं बाकी बरंचसं वेगळं आहे.

गोष्ट मुळात फ्रेंच कादंबरीची, लेखक पिएर बूल, साल १९५२. सिनेमा डेव्हिड लीनचा, १९५७, सात ऑस्कर मिळालेला. शूटिंग झालं श्रीलंकेत कितुलगला इथे. सिनेमात कमांडो पूल उडवायला येतात आणि शेवटी तो उडतो, कादंबरीत पूल पडतच नाही, तसाच उभा राहतो. आणि प्रत्यक्षात दोन पूल होते, एक लाकडी आणि एक लोखंडी, दोन्ही चांगले दोनेक वर्षं वापरात होते आणि १९४५ मध्ये विमानातून बॉम्ब टाकून निकामी केले. कमांडो वगैरे कोणी आलं नाही.

कर्नलचं म्हणाल तर तिथे खरोखर होते ते कर्नल फिलिप टूझी, आणि हे मात्र नीट वाचा कारण सिनेमामुळे या माणसावर अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतं. टूझी आपल्या माणसांना मार कमी बसावा, जेवण जरा बरं मिळावं म्हणून जपान्यांशी रोज झगडायचे आणि दुसरीकडे काम जमेल तेवढं बिघडवायचे, काँक्रीटचं मिश्रण मुद्दाम खराब करायचं, लाकडाला लागावी म्हणून वाळवी गोळा करून सोडायची असे प्रकार त्यांच्या कॅम्पात चालायचे. सिनेमातला कर्नल निकोल्सन पुलाच्या प्रेमात पडतो, तो टूझी नव्हे. बूल स्वतः इंडोचायनात (आजचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) कैदेत होते आणि त्यांनी बघितलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांवरून त्यांनी तो कर्नल बेतला. पण सिनेमा एवढा गाजला की लोक टूझींकडेच त्या नजरेने बघायला लागले.

आता तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. ती रेल्वे थायलंड ते ब्रह्मदेश, ४१५ किलोमीटर, १९४२ च्या मध्याला काम चालू झालं आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्ण. साठ हजारांहून जास्त युद्धकैदी राबले त्यातले बारा हजारांहून जास्त मेले. सिनेमा त्यांचा आहे. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आशियाई मजूर तिथे होते, मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ लोक, ब्रह्मी, मलाय, जावाचे, आणि त्यांच्यातले नव्वद हजारांच्या आसपास मेले असावेत असा अंदाज आहे. अंदाजच आहे, कारण त्यांची यादी कोणी ठेवली नाही. कैद्यांच्या निदान कबरी आहेत, कबरीवर नावं आहेत. नीट विचार केला तर ती आपलीच माणसं, मळ्यावर मजुरी करायला समुद्रापार गेलेली, आणि तीन तासांच्या सिनेमात त्यांना जागा नाही.

अजून एक गंमत तुम्हाला आवडेल. पूल ज्या नदीवर होता तिचं नाव क्वाय नव्हतंच, तो भाग मे क्लाँग नदीचा होता. सिनेमा बघून टुरिस्ट येऊन क्वाय नदी विचारायला लागले, मग १९६० मध्ये तिथल्या त्या नदीचं नाव बदलून ख्वे याई केलं. सिनेमासाठी नदीचं नाव बदललं बघा.

प्रश्न : 'बॉर्डर' मध्ये सुनील शेट्टी शहीद होतो तो जवान खरा होता का? आमच्यात पैज लागलीय. (बार्शी)

खरा होता आणि राजस्थान सीमेवरच्या लोंगेवालाच्या लढाईत शहीद झाला नव्हता. भैरोंसिंग राठोड, बीएसएफचे, सेना पदक मिळालेले, डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वयाच्या ८१ व्या वर्षी वारले. म्हणजे १९९७ मध्ये सिनेमा आला तेव्हा ते जिवंत होते आणि पुढे पंचवीस वर्षं सगळा देश त्यांना शहीद समजत होता. विचार करा घरच्यांना कसं वाटत असेल.

लढाई ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्रीची. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि साधारण १२० माणसं, समोर रणगाड्यांसह हजारोंचं सैन्य, आणि रात्री विमानं उडवता येत नव्हती म्हणून उजाडेपर्यंत जागा सोडायची नाही एवढंच हातात होतं. सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि वाळवंटात उघड्यावर अडकलेल्या रणगाड्यांची धूळधाण उडाली. सिनेमात आपले खूप जवान पडताना दाखवलेत, खऱ्या लढाईत आपले दोन जवान गेले. मला विचाराल तर एवढ्या सैन्यापुढे रात्रभर उभं राहून फक्त दोन माणसं गमावणं हीच चांदपुरींची खरी करामत आहे. महावीर चक्र मिळालं त्यांना. पैज कोण जिंकलं ते कळवा.

प्रश्न : डंकर्कच्या सिनेमात एकही भारतीय दिसत नाही, तिथे आपले कोणी नव्हतेच का? (मोहोळ)

होते. खेचरांच्या चार कंपन्या भारतातून डिसेंबर १९३९ मध्ये फ्रान्सला गेल्या होत्या, बर्फात गाड्या चालायच्या नाहीत तिथे सामान पोचवायला. १९४० मध्ये जर्मनांपुढे ब्रिटिश सैन्याला फ्रान्समधून माघार घ्यावी लागली, डंकर्क हा त्यातलाच किनारा, त्या वेळी खेचरं तिथेच सोडावी लागली, माणसं इंग्लंडला पोचली, एक कंपनी मात्र जर्मनांच्या हाती लागली. २०१७ च्या सिनेमात ती दिसत नाहीत हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि तिकडच्या लोकांनी पण ते बोलून दाखवलं.

प्रश्न : आमच्या पणजोबांची ट्रंक साफ करताना एक मेडल सापडलं, तारा आहे सहा टोकांचा, त्यावर इंग्लिशमध्ये 'द इटली स्टार' लिहिलंय. पणजोबा मिलिटरीत होते एवढंच माहीत, बाकी घरात कोणीच काही सांगत नाही. इटलीत मराठी माणसं काय करत होती आणि यावर एखादा सिनेमा किंवा पुस्तक आहे का? (सांगोला)

तुमचा मेसेज मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला, इतका आनंद झाला मला.

हे मेडल जून १९४३ ते मे १९४५ या काळात इटलीच्या आघाडीवर असलेल्यांना मिळायचं. भारताच्या तीन डिव्हिजन तिथे लढल्या, चौथी, आठवी आणि दहावी, मिळून सुमारे ५०,००० सैनिक, त्यातले साडेपाच हजारांहून जास्त परत आलेच नाहीत. इटलीतल्या लढाईत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, दिले गेले त्यातले सहा भारतीय सैन्यातल्या माणसांना, आणि सहांतले दोघे मराठा रेजिमेंटचे. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, सेक्शनमधले बाकी सगळे पडल्यावर एकट्याने मशिनगनवर धावून गेले, ती बंद केली आणि तिथेच गोळी लागून गेले, वय २२. आणि नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदीवर, जखमींना पाठीवर घेऊन नदीपार पोचवलं, परत येऊन मशिनगनची ठाणी उडवली. ते घरी परतले आणि १९८४ पर्यंत जगले. या दोघांवर मोठा सिनेमा निघालेला माझ्या पाहण्यात नाही, निघायला पाहिजे.

इटलीतला भारतीय सैनिक जगाने बघितला तो 'द इंग्लिश पेशंट' मध्ये. मायकल ओंडाटजे यांची कादंबरी १९९२ ची, सिनेमा १९९६ चा, त्यात किप नावाचा शीख सॅपर आहे, जर्मनांनी पेरलेले बॉम्ब निकामी करणारा. कादंबरी वाचा असं मी आग्रहाने सांगेन, कारण त्यात शेवटी हिरोशिमाची बातमी रेडिओवर येते आणि किप हादरतो, गोऱ्या लोकांसाठी आपण जीव धोक्यात घातला आणि त्यांनी आशियातल्या लोकांवर हे टाकलं म्हणून सगळं सोडून निघून जातो. सिनेमात हे काढून टाकलंय. पुस्तकाचा सगळा राग त्या पानांत होता आणि सिनेमाला नऊ ऑस्कर मिळाले ते त्या पानांशिवाय.

आता पणजोबांचं. ट्रंकेत अजून शोधा, डिस्चार्ज बुक, पे बुक, पेन्शनचा कागद, काहीही, ज्यावर नंबर आणि पलटणीचं नाव असेल. आर्मी नंबर मिळाला की निम्मं काम झालं. मराठा पलटण असेल तर रेजिमेंटचं सेंटर बेळगावला आहे तिथे लेखी विचारा, आणि सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण चौकशी करा. गावातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, पणजोबा कुठे गेले होते, परत कधी आले, काय घेऊन आले, हे विचारा. असली माहिती माणसाबरोबर जाते ओ.

मेडल घासून चमकवू नका, ब्रासो तर अजिबात नको, मऊ कोरड्या कपड्याने पुसा फक्त. आणि त्याला रिबन शिल्लक असेल तर बघा, लाल, पांढरा, हिरवा, परत पांढरा आणि लाल असे सारखे पट्टे असतील, इटलीच्या झेंड्याचेच रंग. फोटो मला पाठवा, मी वाट बघते.